धमनीला आवळणारे आणि सैल सोडणारे मेदरेणू

पिंपळपान

रक्तवाहिनी आणि चरबी हे शब्द शेजारी आले की मनात एकच चित्र उभं राहतं: आतून थर साचत गेला, वाट अरुंद झाली. ते चित्र खोटं नाही, पण त्याला वर्षं लागतात. चरबीच्याच कुळातले काही रेणू मात्र धमनीच्या भिंतीतल्या स्नायूला काही सेकंदांत आवळतात, काही त्याला सैल सोडतात, आणि हे आपल्या प्रत्येकाच्या अंगात आत्ता चालू आहे. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. विद्यार्थ्यांना हा भाग क्लिष्ट वाटतो, कारण पुस्तकात तो नुसत्या बाणांनी दाखवलेला असतो. मला तो शरीरातल्या सगळ्यात सुंदर भागांपैकी एक वाटतो, म्हणून हा धागा.

आधी स्नायू. धमनीच्या आत पेशींचं एकपदरी अस्तर असतं, त्याला एन्डोथेलियम म्हणतात. त्याच्या बाहेर अनैच्छिक स्नायूंच्या पेशी वाहिनीभोवती गोल गुंडाळलेल्या असतात. त्या आखडल्या की वाहिनी अरुंद होते. आणि इथलं गणित फार कडक आहे. रक्ताला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताशी बांधलेला असतो. त्रिज्या निम्मी झाली तर विरोध १६ पट, नुसती १६ टक्क्यांनी कमी झाली तरी जवळजवळ दुप्पट. बारीक धमन्यांचा स्नायू सगळीकडे जरासा आखडला तरी रक्तदाब चढतो तो यामुळे.

स्नायू आखडतो कॅल्शियममुळे. निवांत स्नायूपेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे १०,००० पट कमी असतं. ते वाढलं की कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, ही जोडी मायोसिन लाइट चेन कायनेझ या एन्झाइमला जागं करते, ते मायोसिन या स्नायूतल्या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं, आणि मायोसिन अॅक्टिनच्या धाग्यांना ओढायला लागतं. मायोसिन फॉस्फटेझ नावाचं दुसरं एन्झाइम हाच फॉस्फेट उतरवतं आणि स्नायू सैलावतो. चढवणारं आणि उतरवणारं, दोन्ही एकाच वेळी काम करत असतात. त्यांच्यात कोण वरचढ ठरतं त्यावर वाहिनीचा ताण ठरतो. ही दोघं लक्षात ठेवा, पुढे सतत लागणार आहेत.

आता मेद. पेशीपटल म्हणजे मेदरेणूंचा दुहेरी पडदा. त्याच्या आतल्या बाजूला फॉस्फॅटिडिलइनॉसिटॉल बिसफॉस्फेट नावाचा रेणू अगदी थोडा असतो. अभ्यासक त्याला पिप-२ म्हणतात, आपणही तेच म्हणू. नॉरअॅड्रेनलिन किंवा अँजिओटेन्सिन-२ यांसारखं वाहिनी आखडवणारं संप्रेरक स्नायूपेशीच्या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनावर, बाहेरून येऊन बसलं की आत फॉस्फोलायपेझ-सी हे एन्झाइम पिप-२ चे दोन तुकडे करतं. एक तुकडा, आयपी-३, सुटून पेशीच्या आत जातो आणि कॅल्शियमच्या साठ्याची दारं उघडतो. दुसरा तुकडा, डायअॅसिलग्लिसरॉल, पडद्यातच राहतो आणि प्रोटीन कायनेझ-सी ला कामाला लावतो. ते एन्झाइम सीपीआय-१७ या छोट्या प्रथिनामार्फत फॉस्फटेझला, म्हणजे फॉस्फेट उतरवणाऱ्याला, अडवतं. एकच मेदरेणू तुटला, त्याच्या एका तुकड्याने चढवणाऱ्याला बळ दिलं आणि दुसऱ्याने उतरवणाऱ्याला रोखलं. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो.

ही साखळी लागायला ३० वर्षं गेली. १९५३ मध्ये लोवेल आणि मेबल होकिन या दांपत्याला कबुतराच्या स्वादुपिंडाच्या कापांमध्ये दिसलं की अॅसिटिलकोलिन हा चेतातंतूंचा निरोप्या रेणू दिल्यावर पडद्यातल्या मेदरेणूंमधला फॉस्फरस झपाट्याने बदलतो. का, ते कळत नव्हतं. आयपी-३ साठ्यातून कॅल्शियम सोडवतो हे १९८३ मध्ये सिद्ध झालं, तेही स्वादुपिंडाच्याच पेशींत. स्नायूंना ते लागू पडतं हे मग उलगडत गेलं.

प्रोस्टाग्लँडिनांवर, म्हणजे मेदाम्लांपासून बनणाऱ्या निरोप्या रेणूंवर, खाली प्रतिसादात लिहितो, नाहीतर हा लेख फार लांबेल.

अबोली

फार छान समजावलंत. एक शंका. मेद पाण्यात विरघळत नाही असं आपण शिकतो. मग आयपी-३ पेशीतल्या पाण्यातून साठ्यापर्यंत जातो कसा?

पिंपळपान

अबोली, अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंत. पिप-२ च्या रेणूला दोन बाजू असतात. मेदाम्लांच्या दोन शेपट्या, ज्या पडद्यात रुतलेल्या असतात, आणि फॉस्फेट चढलेलं डोकं, जे पाण्याच्या बाजूला असतं. फॉस्फोलायपेझ-सी बरोबर मानेवर घाव घालतं. डोकं म्हणजे आयपी-३. त्याच्यावर विद्युतभार भरपूर, त्यामुळे ते पाण्यात सहज फिरतं. शेपट्या म्हणजे डायअॅसिलग्लिसरॉल. त्या पडदा सोडत नाहीत, म्हणून प्रोटीन कायनेझ-सी ला पडद्यापाशी यावं लागतं. एक निरोप पेशीभर जातो आणि दुसरा जागेवरच थांबतो, हे त्या घावामुळे आपोआप साधतं.

जिज्ञासू

मग सगळा खेळ कॅल्शियमचाच झाला की. रक्तदाबाच्या गोळ्यांमध्ये कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर असतातच. मेदरेणू मधले दलाल म्हणायचे, मूळ मालक कॅल्शियम.

रानवारा

जिज्ञासू, थोडी असहमत आहे. मी मेंदूच्या रुग्णांच्या अतिदक्षता विभागात काम करते आणि तिथे या विचाराची मर्यादा डोळ्यांसमोर दिसते.

मेंदूभोवतीच्या पोकळीत धमनीचा फुगा फुटून रक्तस्राव झाला, शस्त्रक्रियेने किंवा कॉइल घालून फुगा बंद केला, रुग्ण बोलायला लागला, घरच्यांना हायसं वाटलं. आणि मग साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान मेंदूच्या धमन्या आखडतात. कधी इतक्या की त्या भागाला रक्त पुरत नाही आणि हातापायातली ताकद जाते. याला व्हॅसोस्पाझम म्हणतात. निमोडिपिन हा कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर आम्ही देतो, त्याने रुग्णांचा फायदा होतो हे सिद्ध झालेलं आहे. पण अँजिओग्राफीत पाहिलं तर आखडलेली धमनी त्याने फारशी मोकळी झालेली दिसत नाही.

याचं एक कारण असं की स्नायू कॅल्शियम न वाढताही आखडलेला राहू शकतो. पिंपळपान यांनी सांगितलेला फॉस्फेट उतरवणारा गडी आठवा. रो नावाचं प्रथिन रो-कायनेझला जागं करतं आणि रो-कायनेझ फॉस्फटेझला बंद पाडतं. उतरवणाराच नसला तर आहे तेवढ्या कॅल्शियमवर स्नायू घट्ट राहतो. याला कॅल्शियमची संवेदनशीलता वाढणं म्हणतात.

आणि इथेच पुन्हा मेदरेणू येतो. स्फिंगोसिलफॉस्फोरिलकोलिन, थोडक्यात एसपीसी. जपानमधल्या यामागुची विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की गाईच्या मेंदूच्या धमनीत एसपीसी घातलं तर स्नायू जोरात आखडतो, पण आतलं कॅल्शियम जवळजवळ वाढत नाही, आणि हे रो-कायनेझच्या मार्गाने होतं. त्याच गटाने हेही दाखवलं की इकोसापेंटाइनॉइक आम्ल, म्हणजे ओमेगा-३ मधलं ईपीए, एसपीसीचं हे आखडणं थोपवतं. मेदाचा रेणू आवळतो आणि मेदाचाच दुसरा रेणू सोडवतो. रो-कायनेझला थेट रोखणारं फासुडिल हे औषध जपानमध्ये याच आजारासाठी १९९५ पासून वापरात आहे.

तेव्हा दलाल म्हणू नका. काही वेळा हुकूम मेदरेणूचाच असतो आणि कॅल्शियम बाजूला उभं असतं.

पिंपळपान

रानवारा, मनापासून आभार. मी प्रयोगशाळेच्या बाजूने लिहीत होतो, तुम्ही रुग्णाच्या बाजूने आणलंत.

यात एक भर. अॅराकिडोनिक आम्ल, ज्याच्यापासून प्रोस्टाग्लँडिनं बनतात, ते स्वतःसुद्धा फॉस्फटेझला रोखू शकतं. आणि रोला पडद्याशी येऊन काम करायचं तर त्याच्या टोकाला एक मेदाची शेपटी जोडावी लागते. ती शेपटी ज्या रासायनिक वाटेवर तयार होते त्याच वाटेवर पुढे कोलेस्टेरॉल तयार होतं. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या ती वाट सुरुवातीलाच अडवतात. त्यामुळे प्रयोगांत स्टॅटिनने रोची हालचाल मंदावलेली आणि एन्डोथेलियममधून वाहिनी सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड जास्त सुटलेलं दिसतं. कोलेस्टेरॉलच्या आकड्यापलीकडे स्टॅटिनचा वाहिनीवर जो परिणाम बोलला जातो, त्याचं एक मूळ इथे आहे.

दर्यावर्दी

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. माझा लिपिड प्रोफाइल चांगला येतो, ट्रायग्लिसराइड मर्यादेत, एलडीएल मर्यादेत. तरी रक्तदाब जास्त, दोन गोळ्या चालू आहेत. या धाग्यातले रेणू त्या रिपोर्टमध्ये दिसतात का?

पिंपळपान

नाही दिसत. रिपोर्टमध्ये असतो तो वाहतुकीतला माल: ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल, प्रथिनांच्या वेष्टनात बांधलेलं. आपण बोलतोय ते निरोपे रेणू जागच्या जागी, गरजेपुरते बनतात आणि लगेच मोडले जातात. अॅराकिडोनिक आम्लापासून बनणाऱ्या आणि वाहिनी आवळणाऱ्या थ्रॉम्बॉक्सेन ए-२ चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) साधारण ३० सेकंद. रक्त काढून नळीत घेईपर्यंत ते संपलेलं असतं. त्यामुळे लिपिड प्रोफाइल चांगला आणि रक्तदाब चढा, यात विसंगती काहीच नाही. दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या जात आहेत.

रानवारा

वेगळ्या आहेत, पण अगदीच अनोळखी नाहीत. दर्यावर्दी यांनी रिपोर्टचा वाहिनीच्या ताणाशी संबंधच नाही असं समजू नये.

वर ज्या यामागुचीच्या गटाबद्दल लिहिलं, त्यांनी स्नायूपेशीच्या पडद्यातलं कोलेस्टेरॉल काढून घेतल्यावर एसपीसीने होणारं आखडणं मंदावतं असं दाखवलं. पडद्यात कोलेस्टेरॉल दाट असलेले छोटे भाग असतात, तिथे रिसेप्टर आणि एन्झाइमं जवळजवळ राहतात. ते भाग विस्कटले की निरोप पोचत नाही. दुसरं, एलडीएलचं ऑक्सिडीकरण झालं की त्यात लायसोफॉस्फॅटिडिलकोलिन वाढतं, आणि ते एन्डोथेलियमची वाहिनी सैल करण्याची ताकद कमी करतं. तिसरं, ज्याला सगळे चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते एचडीएल स्फिंगोसिन-१-फॉस्फेट नावाचा निरोप्या बरोबर घेऊन फिरतं. रक्तातल्या या रेणूचा मोठा वाटा एचडीएलवरच असतो.

पिंपळपान

मान्य, माझं "काहीच नाही" जास्त ठाम झालं. आकडा थेट ताण सांगत नाही, पण ज्या पडद्यात आणि ज्या अस्तरात निरोप घडतो त्याची घडण त्या आकड्यांशी जोडलेली आहे, असं म्हणू या.

स्फिंगोसिन-१-फॉस्फेटचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण माझ्या मते या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्यात आहे. हाच रेणू अस्तरावरच्या पहिल्या प्रकारच्या रिसेप्टरवर बसला तर नायट्रिक ऑक्साइड सुटतं आणि वाहिनी रुंद होते. तोच स्नायूपेशीवरच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारच्या रिसेप्टरवर बसला तर रो-कायनेझ जागं होतं आणि वाहिनी आखडते. प्रोस्टाग्लँडिन ई-२ चंही तसंच. त्याचे चार रिसेप्टर, त्यातले ईपी-२ आणि ईपी-४ स्नायू सैल करतात, ईपी-१ आणि ईपी-३ आखडवतात. रेणू चांगला की वाईट हा प्रश्न त्यामुळे अपुरा पडतो. अस्तर शाबूत आहे का, कोणत्या पेशीवर कोणते रिसेप्टर आहेत, हे विचारावं लागतं. १९७८ मध्ये लायसोफॉस्फॅटिडिक आम्ल हा आणखी एक मेदरेणू प्राण्यांना टोचून पाहिला तेव्हा उंदरांचा आणि गिनीपिगांचा रक्तदाब चढला, मांजरांचा आणि सशांचा उतरला. रेणू एक, परिणाम उलटे.

अबोली

थ्रॉम्बॉक्सेन ३० सेकंदांत संपतं तर ते सापडलं कसं? मोजायचं कसं असल्या गोष्टीला?

पिंपळपान

या प्रश्नाची वाट पाहत होतो.

जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाची पद्धत अशी होती: प्राण्यांच्या वाहिन्यांच्या आणि आतड्यांच्या पट्ट्या एकाखाली एक टांगायच्या आणि वरून द्रव ओघळू द्यायचा. प्रत्येक पट्टी आखडली किंवा सैलावली की तिला जोडलेली तरफ कागदावर रेघ काढते. कोणती पट्टी कशी वागली यावरून द्रवात काय असावं ते ओळखायचं. आणि द्रव वरच्या पट्टीपासून खालच्या पट्टीपर्यंत पोचायला जो वेळ लागतो तेवढ्यात परिणाम ओसरला, तर तो पदार्थ किती अल्पायुषी आहे तेही कळतं. रासायनिक तपासणीला जे हाती लागत नव्हतं ते जिवंत स्नायूला सेकंदात कळत होतं.

१९६९ मध्ये प्रिसिला पायपर आणि व्हेन यांना गिनीपिगच्या फुप्फुसातून, अॅलर्जीचा झटका आणल्यावर, असा पदार्थ बाहेर पडताना दिसला की ज्याने सशाच्या महाधमनीची पट्टी आखडते. नाव काय द्यायचं कळेना, म्हणून 'सशाची महाधमनी आखडवणारा पदार्थ' एवढंच म्हटलं गेलं. अॅस्पिरिन दिलं तर तो सुटतच नव्हता. या धाग्याला धरून १९७१ मध्ये व्हेन यांनी दाखवलं की अॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनं बनण्याची क्रियाच थांबवतं. १९७५ मध्ये स्वीडनमध्ये बेंग्ट सॅम्युअलसन यांच्या गटाने थ्रॉम्बॉक्सेन ए-२ ओळखलं आणि त्या जुन्या गूढ पदार्थाचा उलगडा बराचसा झाला.

पुढच्याच वर्षी व्हेन यांच्या गटात, साल्व्हादोर मोंकादा वगैरे मंडळी, डुकराच्या महाधमनीच्या भिंतीत थ्रॉम्बॉक्सेन बनतं का ते शोधत होती. सापडलं नेमकं उलटं: बिंबाणूंना (प्लेटलेट्सना) एकत्र चिकटू न देणारा आणि वाहिनी सैल करणारा पदार्थ, प्रोस्टासायक्लिन. अॅराकिडोनिक आम्लापासूनच बिंबाणू आवळणारा रेणू बनवतात आणि वाहिनीचं अस्तर सैल करणारा. सुने बर्गस्ट्रोम, सॅम्युअलसन आणि व्हेन यांना १९८२ चं नोबेल मिळालं.

जिज्ञासू

म्हणजे थ्रॉम्बॉक्सेन खलनायक आणि प्रोस्टासायक्लिन नायक?

रानवारा

बोट कापल्यावर रक्त थांबवायला जे मदत करतं ते खलनायक कसं? बिंबाणू गोळा होतात, वाहिनी तिथेच आखडते, रक्त कमी वाहतं. प्रश्न येतो तो हृदयाच्या धमनीत थर फुटून तीच क्रिया नको त्या जागी सुरू होते तेव्हा.

या जोडीचा तोल बिघडला तर काय होतं याचा धडा रोफेकॉक्सिब या वेदनाशामकाने दिला. प्रोस्टाग्लँडिनं बनवणाऱ्या कॉक्स एन्झाइमच्या दोन प्रकारांपैकी कॉक्स-२ या एकालाच ते रोखायचं. त्यामुळे प्रोस्टासायक्लिन घटलं, बिंबाणूंचं थ्रॉम्बॉक्सेन मात्र कॉक्स-१ वर बनत असल्याने तसंच राहिलं. हृदयविकाराचे झटके वाढल्याचं दिसल्यावर २००४ मध्ये ते जगभरातून मागे घेतलं गेलं.

सायंतारा

मी नवजात बालकांच्या विभागात परिचारिका आहे. धागा वाचून राहवलं नाही, कारण आमच्याकडे ही गोष्ट रोजची आहे.

गर्भात बाळाची फुप्फुसं श्वास घेत नसतात, म्हणून फुप्फुसाकडे जाणारं रक्त डक्टस आर्टेरिओसस नावाच्या वाहिनीतून थेट महाधमनीत वळतं. ही वाहिनी उघडी राहते ती मुख्यतः प्रोस्टाग्लँडिन ई-२ मुळे. जन्मानंतर वार सुटते, फुप्फुसं ते रेणू मोडायला लागतात, रक्तातला प्राणवायू वाढतो, आणि वाहिनीचा स्नायू आखडून ती बंद होते. पूर्ण दिवसांच्या बाळात हे बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत उरकतं.

काही बाळांचं हृदय जन्मतः असं असतं की ती वाहिनी बंद झाली तर जीव जाईल. तेव्हा प्रोस्टाग्लँडिन ई-१ ची संथ धार शिरेतून चालू करतात आणि शस्त्रक्रियेपर्यंत वाहिनी उघडी धरतात. निळं पडलेलं बाळ त्यावर गुलाबी होताना मी पाहिलेलं आहे. या औषधाने बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो, म्हणून नजर हलवता येत नाही. उलट, अपुऱ्या दिवसांच्या बाळात वाहिनी बंदच होत नसेल तर डॉक्टर गरजेनुसार इंडोमेथॅसिन, आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देतात, म्हणजे प्रोस्टाग्लँडिन कमी होऊन ती आखडावी. आणि याच कारणाने शेवटच्या महिन्यांत गरोदर बाईने आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आपल्या मनाने घ्यायच्या नसतात. पोटातल्या बाळाची ती वाहिनी वेळेआधी आखडू शकते.

अबोली

सायंतारा, अंगावर काटा आला. तुमच्यासारख्यांचे उपकार.

दर्यावर्दी

आता माझ्या कामाचं विचारतो. गुडघा दुखतो म्हणून अधूनमधून आयबुप्रोफेन घेतो. रक्तदाबाच्या दोन गोळ्या आहेतच, एक रामिप्रिल आणि एक लघवी वाढवणारी. शिवाय कमी मात्रेचं अॅस्पिरिन. या सगळ्यात त्या गोळीने काही बिघडतं का?

रानवारा

दर्यावर्दी, बिघडू शकतं, आणि हे तुमच्या डॉक्टरांना नक्की सांगा.

मूत्रपिंडात रक्त आत आणणारी बारीक धमनी सैल ठेवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिनं करतात. आयबुप्रोफेन ती बनूच देत नाही. ती धमनी आखडते, मीठ आणि पाणी अंगात राहतं, रक्तदाब चढतो आणि तुमच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. रामिप्रिल मूत्रपिंडातून रक्त बाहेर नेणारी धमनी सैल करतं, लघवीची गोळी रक्तातलं पाणी घटवते. तिन्ही एकत्र आली की गाळणीतला दाब एकदम पडू शकतो आणि मूत्रपिंड अचानक रुसू शकतं. उलट्या-जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर धोका आणखी.

अॅस्पिरिनचं वेगळं आहे. ते बिंबाणूंमधल्या कॉक्स-१ एन्झाइमला कायमचं निकामी करतं. बिंबाणूला केंद्रक नसतं, त्याला नवं एन्झाइम म्हणण्यासारखं बनवता येत नाही, त्यामुळे तो जगेल तेवढे ७ ते १० दिवस थ्रॉम्बॉक्सेनविना राहतो. अस्तराच्या पेशी मात्र नवं एन्झाइम बनवतात. म्हणून कमी मात्रेत थ्रॉम्बॉक्सेन अडतं आणि प्रोस्टासायक्लिन बरंचसं वाचतं. पण आयबुप्रोफेन एन्झाइमच्या त्याच खोबणीत तात्पुरतं जाऊन बसतं. ते उठेपर्यंत अॅस्पिरिन रक्तातून निघून गेलेलं असतं, कारण त्याचं अर्धायुष्य १५-२० मिनिटांचंच. आधी आयबुप्रोफेन घेतलं तर अॅस्पिरिन वाया जातं. साध्या अॅस्पिरिननंतर निदान अर्धा तास थांबून आयबुप्रोफेन घ्यावं, किंवा आयबुप्रोफेननंतर ८ तासांनी अॅस्पिरिन, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सांगितलेलं आहे. आवरण असलेल्या अॅस्पिरिनला हे वेळापत्रक लागू धरू नका, ते सावकाश शोषलं जातं. तुमच्या बाबतीत मूत्रपिंडाचा प्रश्न आधी आहे, म्हणून गुडघ्यासाठी दुसरं काही देता येईल का हेच डॉक्टरांना विचारा. अॅस्पिरिन किंवा रामिप्रिल मात्र स्वतःहून बंद करू नका.

दर्यावर्दी

उद्याच विचारतो. मूत्रपिंडाचं काम दाखवणारी क्रिएटिनिनची तपासणी करून जाऊ का?

रानवारा

हो, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम दोन्ही. जुना रिपोर्ट असेल तर तोही बरोबर न्या, तुलना करता येते.